टाकी फुटलेली नव्हती

पहाटे चारच्या सुमारास आमच्या चाळीत पहिला आवाज व्हायचा तो स्टोव्हचा. आधी पंपाचे सात-आठ दट्टे, मग काडी ओढल्याची खरखर, मग क्षणभर शांतता आणि नंतर तो एकसुरी, भरीव घरघराट. एका खोलीतला स्टोव्ह लागला की पाठोपाठ दुसऱ्या खोलीतला लागे. बदलापूरहून मुंबईची गाडी पकडणाऱ्या माणसांचे डबे त्या घरघराटावर तयार होत. स्टेशनच्या पूर्वेला आमचं कुळगाव, पश्चिमेला बदलापूर गाव आणि त्यापलीकडे उल्हास नदी. आज जिथे सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत, तिथे माझ्या लहानपणी भातशेती, आंब्याची झाडं आणि मधूनमधून कौलारू बैठ्या चाळी होत्या. त्यातल्याच एका चाळीत आम्ही राहायचो. वडील अंबरनाथला विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते.

आई अंथरुणातूनच आवाज ऐकून सांगायची, "पलीकडच्या काकूंच्या स्टोव्हचा वायसर गेलाय. पंप पोकळ वाजतोय." आणि ते खरं निघायचं. स्टोव्हची पहिली परीक्षा कानाने होते, हे मी तिच्याकडून शिकलो. बाकीचं सारं मला स्टेशनजवळच्या एका टपरीत शिकायला मिळालं.

घरगुती गॅस मुंबईत १९५५ सालीच आला होता, पण आमच्यासारख्यांच्या घरी तो पोचायला आणखी तीन दशकं जायची होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची असा तो काळ. तोवर चूल, शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह. पुढे सत्तरच्या दशकात इंडियन ऑइलच्या संशोधकांनी तयार केलेला वातीचा 'नूतन' स्टोव्ह आला आणि तो घरोघर गेला. पण ज्यांना घाई असे त्यांचा भर पंपाच्या पितळी स्टोव्हवरच. वातीच्या स्टोव्हवर भात होतो आणि पंपाच्या स्टोव्हवर भात होऊन गाडी मिळते, असं आमच्याकडे म्हणत.

हा पंपाचा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ च्या सुमारास तो घडवला आणि 'प्रायमस' या नावाने तो जगभर गेला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनच्या सामानात तो होता आणि १९५३ साली एव्हरेस्ट चढणाऱ्या तुकडीनेही त्यावरच बर्फ वितळवला. वडील ज्या कारखान्यात काम करत तो काडेपेटीचा धंदाही मूळ स्वीडिश कंपनीनेच इथे आणलेला. त्यामुळे आमच्या घरात स्टोव्हही स्वीडनचा आणि तो पेटवणारी काडीही स्वीडनची, असं वडील थट्टेने म्हणायचे.

त्याची रचना अगदी साधी. खाली पितळी टाकी. टाकीत रॉकेल आणि वर थोडी मोकळी जागा. पंपाने त्या जागेत हवा कोंबली की ती रॉकेलला नळीतून वर ढकलते. वर बर्नर असतो. तो आधी तापलेला असला की त्यातून जाताना रॉकेलची वाफ होते आणि निप्पलच्या केसाएवढ्या भोकातून ती जोराने बाहेर पडते. ती बाहेरची हवा स्वतःत ओढून घेते आणि निळी जळते. साऱ्या स्टोव्हचं मर्म 'आधी तापलेला असला की' या चार शब्दांत आहे. बर्नर थंड असताना पंप मारला तर वाफ होतच नाही. कच्चं रॉकेल पिचकारीसारखं वर उडतं, पिवळा भडका छताला लागतो. म्हणून आधी बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतायचं किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावायचा, तो जळून संपेपर्यंत थांबायचं आणि मगच पंपाला हात घालायचा. थांबायचं हे दीड-दोन मिनिटं. पण गाडी गाठायची असलेल्या घरात दीड मिनिट ही फार मोठी रक्कम असते.

टपरीतल्या गृहस्थांना सारे मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणायचो. शाळा सुटल्यावर आणि पुढे कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली बसायचो. मजुरी म्हणून चहा, बटाटावडा आणि महिन्याला काही रुपये. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात चामड्याचे वायसर, शिशाचे वायसर, निप्पलं, पिना, बर्नर, पंपाच्या तळाचे इवलेसे व्हॉल्व्ह. यातला बराचसा माल उल्हासनगरचा. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असं लिहिलेलं असे आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगून लोक हसत. मिस्त्री हसत नसत. ते निप्पल उजेडाकडे धरून भोक पाहायचे आणि दहातली तीन बाजूला काढायचे. म्हणायचे, "नाव काही असू दे. भोक गोल आहे का, ते बघ."

त्यांची दुरुस्तीची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगू लागलं की ते हात वर करून थांबवायचे आणि आधी विचारायचे, "ज्योत कशी दिसते?" निळी आणि ठाम असेल तर स्टोव्ह निरोगी. टोकाला पिवळी असेल तर एकतर बर्नर पुरता तापवला नाही, नाहीतर पिनने टोचून टोचून निप्पलचं भोक मोठं झालंय. असं निप्पल फेकायचं, त्याला दुरुस्ती नाही. ज्योत एकाच बाजूला झुकत असेल तर बर्नरच्या वाटेत काजळी अडकलीय. ज्योत धापा टाकत असेल, म्हणजे मोठी-लहान, मोठी-लहान होत असेल, तर रॉकेलमध्ये पाणी किंवा गाळ आहे. पंप मारताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर चामड्याचा वायसर सुकलाय. तो काढायचा, खोबरेल तेलात मुरवायचा, कडा बोटांनी फुलवायच्या आणि परत बसवायचा. आणि पंपाचा दांडा आपला आपण वर येत असेल तर तळाचा व्हॉल्व्ह गेलाय, रॉकेल पंपात शिरतंय. असा स्टोव्ह ते गिऱ्हाइकाला त्या दिवशी परत देत नसत, मग ते कितीही अजीजीने मागो.

शेवटी साबणाच्या फेसाची परीक्षा. टाकीत हवा भरायची, प्रत्येक सांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते पाहायचं. कच्चं काम त्यांना खपत नसे. रॉकेल भरण्याचे नियम ते प्रत्येकाला नव्याने ऐकवायचे. स्टोव्ह विझवून, चावी सैल करून हवा सोडून, तो पूर्ण गार झाल्यावरच भरायचा. टाकीचा वरचा चौथा हिस्सा मोकळा ठेवायचा. आणि रॉकेलचा वास घ्यायचा.

वासाचं कारण भेसळ. साधं रॉकेल सहजासहजी पेट घेत नाही. त्याची पेटती वाफ व्हायला निदान ३५ अंशांची ऊब लागते. पेट्रोलला मात्र बर्फातली थंडीही पुरते. एकाच मापाने दोन्ही विकणाऱ्याच्या डब्यात पेट्रोलचा अंश राहिला तरी तो स्टोव्ह उरत नाही, सुरुंग होतो. उलट्या बाजूची भेसळ अधिक मोठी होती. रेशनचं स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्यासाठी पळवलं जाई. ते ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग दिला, तरी पळवापळवी थांबली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशी भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारण्यात आलं. रेशनच्या रांगेत डबा घेऊन तास-तास उभं राहून रिकाम्या हाताने परतलेल्या बायकांना हे रॉकेल कुठे जातं ते पूर्वीपासून ठाऊक होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

१९७९ साल. मी सतरा वर्षांचा होतो. मिस्त्री गावी गेले होते आणि टपरी दोन दिवस माझ्यावर होती. पलीकडच्या आळीतली एक सून स्टोव्ह घेऊन आली. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नसतील. पंप पोकळ लागतो, म्हणाली. मी वायसर बदलला, निप्पल बदललं, फेस लावून सांधे पाहिले. पैसे देताना ती म्हणाली, "भाऊ, नीट बसवलाय ना? आमच्याकडे परत परत पैसे मागता येत नाहीत." मी मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "वर्षभर बघायला नको, वहिनी."

पंधरा दिवसांनी आळीत ओरडा झाला. स्टोव्ह फुटला, सून भाजली. तिला रुग्णालयात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्या तीन दिवसांत मी जेवलो नाही. आईला वाटलं, ताप आहे. मी रात्री अंथरुणात पडून ते निप्पल मनातल्या मनात परत परत बसवत होतो. आटा पुरता फिरवला होता का? शिशाचा वायसर घातला होता की जुनाच राहू दिला? फेस लावला तेव्हा खरंच पाहिलं होतं, की पाहिल्यासारखं केलं होतं? एका माणसाचा जीव आपल्या हातून गेला, ही गोष्ट सतराव्या वर्षी कुणाला सांगणार?

महिन्याभराने तिचा सासरा तो स्टोव्ह घेऊन टपरीत आला. घरात नको वाटतो, मोडीत घ्या, म्हणाला. मिस्त्री परत आले होते. त्यांनी पितळ वजन करून पैसे दिले. तो गेल्यावर त्यांनी टपरीची फळी निम्मी लावली आणि स्टोव्ह खोलायला घेतला. मी भिंतीला टेकून उभा होतो.

टाकी फुटलेली नव्हती. पोचाही नव्हता. झाकण घट्ट होतं, चावी जागेवर. त्यांनी पंप मारला, फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. पंप उघडून त्यांनी मी बसवलेला वायसर बाहेर काढला. तो अजून मऊ होता, तेलाने चकाकत होता. तो माझ्या हातावर ठेवून ते एवढंच म्हणाले, "तुझं काम नीट आहे, पोरा."

मी रडलो. आनंदाने रडलो, हे लिहिताना आजही लाज वाटते. माझी सुटका झाली होती. त्या सुटकेच्या भरात पुढचा प्रश्न माझ्या डोक्यात यायला बराच वेळ लागला. स्टोव्ह फुटला नव्हता, तर मग काय झालं होतं?

मिस्त्रींच्या डोक्यात तो केव्हाच आला असणार. ते बराच वेळ टाकीवरून फडकं फिरवत बसले. मग म्हणाले, "कागदावर फुटला म्हणून लिहिलंय. आपण कोण?" पंचनामा झाला होता, अपघाती मृत्यू अशी नोंद झाली होती. स्टोव्ह मात्र कुणी हातात घेऊन पाहिला नव्हता. आम्ही दोघांनी पाहिला आणि दोघेही गप्प राहिलो.

मला न्यायाने बोललं पाहिजे. टाकी शाबूत होती यावरून कुणी काही केलं असं सिद्ध होत नाही. पेटत्या स्टोव्हवरून हात पुढे करताना नायलॉनच्या साडीचा पदर पेटतो आणि धड स्टोव्हवरही माणूस जळतो. त्या घरात काय घडलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही मी त्यावर बोट ठेवू शकत नाही. मला माहीत आहे ते एवढंच की 'स्टोव्ह फुटला' हे वाक्य खोटं होतं, आणि त्या वाक्यावर सारी चौकशी संपली.

त्या काळी वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही दोन ओळींची बातमी नेहमीची होती. देशभरातल्या स्त्रियांच्या संघटनांनी त्या ओळींमागे काय आहे ते विचारायला सुरुवात केली. १९८३ साली विवाहितेच्या छळासाठी दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आलं आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या संशयास्पद मृत्यूची विशेष चौकशी सक्तीची झाली. १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. २०२४ पासूनच्या नव्या न्यायसंहितेत ही कलमं वेगळ्या आकड्यांनी आहेत. मी ही कलमं वाचतो तेव्हा वाटतं, यातल्या कुठल्याही चौकशीला एक साधा स्टोव्ह दुरुस्त करणारा माणूस बोलावता आला असता. पाच मिनिटांचं काम होतं. पंप मारायचा, फेस लावायचा.

पुढे मी बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर लागलो. तेलावर चालणारा बॉयलर म्हणजे स्टोव्हचाच थोरला भाऊ. तिथे १९२३ सालचा बॉयलर कायदा लागू होता. दर वर्षी तपासणी, प्रमाणपत्र, परीक्षा पास झालेलाच माणूस समोर. पेटवण्याआधी भट्टीतून पंख्याने हवा फिरवून आधीची वाफ बाहेर काढायची, त्याशिवाय ठिणगी पडतच नाही. कारखान्यातल्या आगीवर इतके पहारे आणि घरातल्या आगीवर फक्त एक बाई, तीही झोपेतून नुकती उठलेली, हे मला तिथे पहिल्यांदा नीट जाणवलं.

जानेवारी २०१८ मध्ये मी मुलीकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला होतो. त्या आठवड्यात तिकडे कडाक्याची थंडी आणि बर्फाचं वादळ होतं. तिकडे पुष्कळ घरांच्या तळघरात तेलावर चालणारी भट्टी असते आणि तिच्यावर सारं घर ऊबदार राहतं. एका रात्री ती बंद पडली. जावईबापू खाली गेले, भट्टीवरचं लाल बटण दाबलं. घरघर झाली, थांबली. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबायला गेले तेव्हा मी जिन्यावरून ओरडलो, "थांबा! आत कच्चं तेल साचतंय!"

मी ती भट्टी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पण आवाज ओळखीचा होता. तेल आत फवारलं जात होतं आणि पेट घेत नव्हतं. अशा भट्टीत ज्योत पाहणारा एक डोळा बसवलेला असतो. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर तो तेल तोडतो. बटण दाबणं म्हणजे त्या डोळ्यावर हात ठेवून पुन्हा तेल सोडणं. असं साचलेलं तेल एकदम पेटलं की भट्टीचं दार उडतं आणि घरभर काजळी होते. थंड बर्नरवर पंप मारण्याचाच हा प्रकार.

पहाटे दुरुस्तीवाला आला. पहिला प्रश्न, "बटण किती वेळा दाबलं?" मग बॅटरी लावून त्याने आत तेल साचलंय का ते पाहिलं आणि ते टिपून काढलं. तेलाचा फिल्टर गाळाने चोंदला होता. तो बदलला, निप्पल बदललं. तिकडे ते दर वर्षी बदलतात, पिनने टोचत बसत नाहीत. ठिणगीच्या कांड्या पुसून त्यांच्यातलं अंतर मोजलं, पंपातली हवा सोडली. भट्टी लागल्यावर त्याने धुराड्यातली हवा पांढऱ्या कागदातून ओढली आणि कागदावर काळा डाग पडतो का ते पाहिलं. आई पातेल्याचं बूड बोटाने पुसून पाहायची, तेच हे. तेलाच्या टाकीची काच पाहिली तर तेल लाल रंगाचं होतं. घरासाठीचं करमुक्त तेल कुणी गाडीत घालू नये म्हणून तिकडे ते लाल रंगवतात. मला रेशनचं निळं रॉकेल आठवलं. जाताना तो जावईबापूंना म्हणाला, बटण एकदाच दाबायचं, नाहीतर मला बोलवायचं. मिस्त्री असेच बोलायचे.

आता कुळगावात रॉकेलचा स्टोव्ह क्वचितच दिसतो. १९८६ साली आमच्याकडे गॅस आला. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून तो गावपाड्यांतही गेला आणि रेशनच्या रॉकेलवरचं अनुदान थोडंथोडं करत २०२० पर्यंत संपलं. त्याबद्दल मला हळहळ नाही. त्या धुराने किती डोळे आणि किती छात्या खाल्ल्या ते मी पाहिलंय. पण आग घरातून गेलेली नाही. आमच्या इमारतीत कित्येकांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे. खिडकी बंद, पंख्याच्या भोकाला थंडीचा पुठ्ठा. अशा बंद जागेत हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही आणि घरचे म्हणतात, चक्कर आली असेल.

म्हणून मी निवृत्तीनंतर एक उद्योग लावून घेतला आहे. कुणी चहाला बोलावलं की आधी विचारतो, "गीझरची ज्योत कशी दिसते?" लोक हसतात. काही जण न्हाणीघराचं दार उघडून दाखवतात. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरची नवी सून म्हणाली, "काका, पिवळी दिसते. पण घरात म्हणतात, चालतंय ना, मग असू दे." मी तिच्याबरोबर वर गेलो. पुठ्ठा काढला, गीझर बंद केला आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो येऊन, ज्योत निळी करून, ती मला दाखवून जाईपर्यंत मी तिथून उठलो नाही. घरच्यांना ते थोडं विचित्र वाटलं असावं.

निघताना तिने विचारलं, "काका, आता किती दिवस बघायला नको?"

मी म्हणालो, "रोज बघ. आणि काही वेगळं वाटलं, कशाहीबद्दल, तर खाली ये. मी घरीच असतो."

आईचा पितळी स्टोव्ह अजून माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी तो खाली काढतो, पुसतो, वायसर खोबरेलात बुडवतो. त्याच डब्यात, कागदाच्या पुडीत, दुसरा एक वायसर आहे. मिस्त्रींनी १९७९ साली माझ्या हातावर ठेवलेला. तो आता कडक झाला आहे. त्याला मी तेल लावत नाही.